ढवळीचं शेण

नेऱ्याच्या माळावर मी वर्षभर शेणकिडे मोजतेय. कोणते किडे उन्हातल्या शेणात राहतात आणि कोणते सावलीतल्या, हा माझा कॉलेजचा अभ्यास. तिथे गुरं चारणाऱ्या बाईंना मी मावशी म्हणते. नाव कधी विचारलंच नाही. त्या बोलतात ते अर्धं माझ्याशी आणि अर्धं गाईंशी. शेणाचा पो काठीने हळूच उचकटतात आणि किडा दिसला की टाळीच वाजवतात.

एका सकाळी ऐनाच्या झाडाखालचे चार पो किड्यांच्या अळ्यांनी नुसते वळवळत होते. त्यांच्यामधल्या पाचव्यात मात्र सगळ्या अळ्या मेलेल्या. सावली तीच, माती तीच. मी चक्रावले.

मावशींनी वाकून पाहिलं. "हा ढवळीचा हाय. तुझाच ना गं, ढवळे? तिला मागल्या आठवड्यात जंताची सुई टोचली."

मी उडालेच. "मावशी! म्हणजे ते औषध शेणात उतरलं! त्यानेच अळ्या मेल्या असणार!"

मी आनंदाने भराभर सगळं वहीत टिपून घेतलं. मावशींनी मात्र टाळी वाजवली नाही. उचकटलेला पो त्यांनी काठीने पुन्हा हळूच झाकला.

पुढच्या खेपेला गुरांत ढवळी दिसली नाही. मी घाबरून विचारलं, "आजारी आहे का?"

"नाय गं, दारात बांधलीय. औषध उतरेपर्यंत तिचं शेण माळावर नको."

एवढं बोलून त्यांनी तिच्यासाठी कापलेला गवताचा भारा डोक्यावर घेतला आणि उन्हातून घराकडे निघाल्या.