आईचा अंगठा आणि क वर्ग

रखमाजी साळवे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. तालुक्याच्या कचेरीत मागच्या बाजूला रेकॉर्डची खोली होती, तिचा हा कारकून. निकाली निघालेली फाइल खोलीत आली, की रखमाजी तिच्या कव्हरावर लाल शाईनं अक्षर घालायचा. अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे दहा, ड म्हणजे वर्षभर. अक्षराखाली नाशाचं साल. बस्स! ते साल उजाडलं की यादी व्हायची, वर सही व्हायची आणि फाइल मागच्या खड्ड्यात जळायची. कुणी म्हणेल, काय हे निर्दयी काम! अहो, निर्दयी कसलं? खोली केवढीशी आणि तालुका केवढा. कागद गेले नसते तर माणसांना बसायला जागा उरली नसती.

बहात्तरच्या दिवाळीनंतर तो नाशाची यादी करत होता. पावसानं त्या साली तोंड फिरवलं होतं, खोलीत नुसता फुफाटा. एक पातळशी फाइल हाती आली आणि रखमाजी जागीच थबकला. कव्हरावर त्याचंच अक्षर : क, १९७२. आत त्याच्याच वस्तीचा अर्ज, एकसष्ट सालचा. बौद्ध वस्तीला विहीर मिळावी म्हणून. खाली बासष्ट सालचा शेरा होता : सध्या तरतूद नाही, निकाली.

तो अर्ज त्यानंच लिहिला होता. काय दिवस होता तो! वस्तीतल्या बाया-माणसं शाईच्या पॅडभोवती जमलेली, थट्टा चाललेली. तोवर गावच्या विहिरीवर ताटकळायचं, कुणी वरून ओतील तेव्हा हंडा भरायचा. त्याची आई भिमाबाई सगळ्यांच्या पुढं. "ए रखमा, नीट दाब की! माझा अंगठा सायबाला सपष्ट दिसला पायजे," म्हणाली. मग दिवसभर अंगठा धुतला नाही. जो येईल त्याला दाखवत सुटली, "आमी इहिरीवर सही केली!"

सहासष्टला ती गेली. फोटो कधी काढलाच नव्हता. मिरजगावच्या बाजारात फोटोवाला बसायचा, दर खेपेला म्हणायची, "फुडच्या बाजारी बघू." आता तिचं असं जगात काय उरलं होतं? हा अंगठा. त्यातल्या बारीक बारीक रेषा पाहून रखमाजीला भडभडून आलं.

क चा अ करायला कितीसा वेळ? पण त्याचा हात धजेना. इतकी वर्षं लोकांना "अवधी संपला, बाई" म्हणून परत पाठवलेलं. शेवटी यादीच्या शेवटच्या रकान्यात, 'राखून ठेवण्याचे कारण' या मथळ्याखाली, त्यानं सरळ लिहिलं : यात माझ्या आईचा अंगठा आहे.

यादी अव्वल कारकून आप्पासाहेबांपुढं गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रखमाजी, हे कारण नियमात कुठं बसतं?"

"नाही बसत, साहेब."

"मग लिहिलंस कशाला?"

"दुसरं खरं कारण नाही."

आप्पासाहेबांनी फाइल शेवटच्या पानापर्यंत चाळली. मग म्हणाले, "विहीर झाली का रे?"

"कुठली, साहेब!"

"मग प्रकरण संपलं कसं? नवा अर्ज दे, या अर्जाचा हवाला दे. प्रकरण चालू असेपर्यंत फाइलला हात लावता येत नाही. एवढं कळत नाही होय तुला?"

रखमाजी सायकल दामटत वस्तीवर गेला. नव्या अर्जावर बायको गीताबाईनं पहिली सही केली. ती साक्षरता वर्गात शिकली होती. जुनी फाइल नव्या अर्जाला जोडली गेली. मधूनमधून, उगीच चालू प्रकरणांचा गठ्ठा झटकायच्या निमित्तानं, रखमाजी ती उघडून बसायचा. ते दिवस त्याला फार गोड वाटायचे.

दुष्काळी कामांत त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहीर मंजूर झाली. पंचेचाळीस फुटांवर पाझर लागला. गीताबाईनं पहिला हंडा कुणाची वाट न बघता स्वतः शेंदला आणि वस्ती नाचली. रखमाजीही नाचला.

महिन्याभरात फाइल खोलीत परत आली. विहीर पूर्ण, प्रकरण निकाली. या वेळी पळवाट नव्हती. आप्पासाहेब मुद्दाम दारात येऊन उभे राहिले. "ब घाल हवं तर," हळूच म्हणाले. "तीस वर्षं. मी सही करतो."

रखमाजीनं नाही म्हणून मान हलवली. "आईनं पाण्यासाठी अंगठा दिला होता, साहेब. पाणी आलं."

त्यानं लाल शाईत टाक बुडवला आणि लिहिलं : क, १९८३. मग फाइल छातीशी धरून तो कचेरीच्या वेळेत, सगळ्यांच्या देखत, लहान पोरासारखा रडला.