दुधी काचेतला तलाव

लग्न होऊन मी अहमदपूरला आले ती ऐन दुष्काळात. एस.टी. स्टँडच्या मागं ह्यांचा फोटोचा एका खोलीचा स्टुडिओ होता. नांदेडला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडं ह्यांनी उमेदवारी केली होती. म्हाताऱ्यानं धंदा आवरला तेव्हा आपला घडीचा कॅमेरा ह्यांच्या हातात दिला. मिटला की तो जाडजूड लाकडी डब्यासारखा दिसायचा. पुढचं झाकण खाली पाडलं की आतून चामड्याचा काळा भाता सरकत बाहेर यायचा आणि त्याच्या तोंडाशी भिंग. त्यात रीळ नव्हतं. चपट्या चौकटीत तळहाताएवढी एकच फिल्म, एक फोटो निघाला की संपली. वरातीत हे तो हातात धरूनही फोटो काढायचे. माणसं बसवायची असली की तीन पायांच्या घोडीवर लावायचे.

त्या साली वराती कुठल्या? लग्नं पुढं ढकललेली, स्टुडिओत कुणी फिरकत नव्हतं. मी फोटो धुवायची, कडा कापायची. कॅमेऱ्याला हात लागायचा तो फक्त पुसताना.

अशात जवळच्या एका गावातून बोलावणं आलं. दुष्काळी कामावर तिथं पाझर तलाव झाला होता, काम संपल्याचा फोटो पाहिजे होता. फिल्म दोनच शिल्लक होत्या. ह्यांनी कॅमेरा घेतला, मी घोडी खांद्यावर टाकली आणि आम्ही एस.टी.नं निघालो.

तलाव कोरडा ठणठणीत. तळात खुर्च्या मांडून सरपंच आणि मुकादम बसले होते, मागं गडीमाणसं. खोदणाऱ्या बायका मात्र कडेला, पदर ओढून. ह्यांनी एक फोटो काढला. मग बायकांकडं कॅमेरा वळवून हे कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखाली शिरले, तशा सगळ्यांनी तोंडं फिरवली.

त्यांच्यातली एक म्हातारी पुढं आली. "त्यो बाबा फडक्यात शिरून काय बघून राह्यलाय?"

हे बाहेर आले, घाम पुसला आणि मला म्हणाले, "तूच दाखव त्यांना."

मी कापडाखाली गेले. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं होतं, खालचं वर आणि वरचं खाली, पण अगदी स्वच्छ. बायकांच्या लुगड्यांचे रंग, बांधावरचे दगड, सगळं तळहाताएवढ्या काचेत. मी म्हातारीला आत घेतलं. तिच्या अंगाला मातीचा वास येत होता. तिनं काचेजवळ तोंड नेलं आणि ओरडली, "अगं बया! तळं भरलं की गं!"

खरंच तसं दिसत होतं. आभाळ काचेत खाली आलं होतं आणि बांधाला लागून निळं पाणी तुडुंब उभं राहावं तसं भासत होतं. मग काय, एकेक बाई कापडाखाली शिरायला लागली. कुणी हसत बाहेर यायची, कुणी डोळे पुसत. एकीनं तर परत रांग धरली.

"ऊन उतरायला लागलंय," हे म्हणाले.

म्हातारी म्हणाली, "मग काढा की. पर ह्या पोरीनं काढायचा. अन् आमी मधी बसणार. खंदलं कुणी?"

मुकादम काही बोलायला गेला, पण सरपंच उठले आणि खुर्च्या बाजूला घ्यायला लागले. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे हळूच म्हणाले, "मी आहे ना इथं."

हे सांगत गेले तसं मी करत गेले. भिंगाचा पडदा मिटला, फिल्मची चौकट आत सरकवली, तिचं झाकण ओढलं. "आता हलू नका गं!" म्हटलं, तेव्हा त्या बायकांनी आपणहून पदर मागं सारले. मी खटका दाबला.

खरी पंचाईत पुढंच होती, घरी. फिल्म धुवायला वाहतं पाणी लागतं आणि घरात टँकरचं, तेही मोजकं. नीट धुतली नाही तर ती पुढं पिवळी पडते. सासूबाईंनी आपल्या आंघोळीची बादली आमच्यापुढं आणून ठेवली. "माझं ऱ्हाऊ दे. बायांचं तोंड खराब हू देऊ नका." आम्ही थोडं थोडं पाणी बदलत ती फिल्म धुतली. फोटो छान आला. एक बाई तेवढी धूसर निघाली. शेळी हाकलायला वळली होती.

तो फोटो गावोगाव दाखवला गेला असावा. पाऊसपाणी बरं झालं तशी बोलावणी यायला लागली, आणि "फोटोवाल्या बाईला पाठवा" असा निरोप असायचा. हे हसून म्हणायचे, "मी घोडी उचलायला येऊ का?" आणि खरंच यायचे.

पुढं लातूरचा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या भरत्या, भाड्याच्या खोल्यांतून राहणारी परगावची माणसं. आम्हीही तिथं गाळा घेतला. अर्जावरच्या फोटोंसाठी लहान कॅमेरा आणला, पण घरच्यांसोबतचा फोटो म्हटला की मी घडीचाच उघडायची.

एकदा एक मुलगी आईला घेऊन आली. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती, ऑर्डर कालच हातात पडलेली. आई खुर्चीत ताठ बसली, हात गुडघ्यांवर.

"ताई," तिनं विचारलं, "फोटूत हासलं तर चालतंय का?"

"चालतंय की."

ती आधी ओठातल्या ओठात हसली. मग लेकीकडं पाहिलं आणि दोघी अशा हसत सुटल्या, की त्या स्थिर होईपर्यंत मला खटक्यावर बोट ठेवून थांबावं लागलं.