आतोबांचं कुपन

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातला कंडक्टर काही निवृत्त झाला नाही. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या सोबत्यांनी त्यांना तिकिटाला भोक पाडायचा त्यांचाच जुना पंच भेट दिला. तेव्हापासून त्या घरात तपासून झालेला प्रत्येक कागद भोक पडूनच पुढे जातो. विजेचं बिल भरलं, टिक. औषधाची पावती जुळली, टिक. मला नोकरी लागली तेव्हा नेमणुकीचं पत्र मी मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, "उत्तम" म्हणाले, आणि टिक. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

माणूस लाख मोलाचा, पण नियम म्हटला की ताठ. आत्या त्यांच्या बसमध्ये चढली तरी तिचं पूर्ण तिकीट फाडायचे, आणि वर "सुटे द्या" म्हणायचे. आत्या हे अजून पाहुण्यारावळ्यांना सांगते आणि आतोबा अजून म्हणतात, "मग काय फुकट न्यायचं होतं?"

गेल्या हिवाळ्यात आत्याच्या मनगटांनी दावा साधला. कपडे पिळायला घेतले की कोपरापर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी बजावलं, पिळणं बंद. आत्या "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादलीपाशी. आतोबा मदतीला गेले, तर तिनं त्यांच्या हातातून चादर काढून घेतली. "तुम्ही पिळलेलं संध्याकाळपर्यंत ठिबकत राहतं. व्हा बाजूला." आतोबा बाजूला झाले, पण न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून तिच्या हातांकडे बघत राहिले. कपडे धुवायचं मशीन पेन्शनीत बसत नव्हतं आणि माझ्याकडून पैसे घ्यायला दोघंही तयार नव्हती. मी चिडून सांगून पाहिलं. त्या घरात चिडून काही होत नाही.

अशात चौकातल्या त्या चार मजली दुकानानं घरोघर एकेक कुपन टाकलं. मशीनवर पाव किंमत माफ, महिनाअखेरपर्यंत. मागच्या बाजूला मुंग्यांची रांग लागावी तसे बारीक अक्षरात नियम. आतोबांनी चष्मा पुसला आणि अभ्यासाला बसले.

मी म्हटलं, "आतोबा, कुपन द्यायचं आणि मशीन आणायचं. यात शिकण्यासारखं काय आहे?"

"ज्याला नियम माहीत नसतो, तोच दारात उभा राहून भांडतो," ते म्हणाले. "मी कमी बघितलेत का?"

एक नियम त्यांच्या घशात अडकला. सवलतीच्या मालावर कुपन लागू नाही. आणि त्यांनी हेरून ठेवलेल्या मशीनवर तर लाल चिठ्ठी होती, थोडी किंमत आधीच उतरलेली. मग हा माल सवलतीचा म्हणायचा का? ते विचारायला गेले. चौकशीच्या खिडकीतला म्हणाला, चालेल. वरच्या मजल्यावरचा विक्रेता म्हणाला, मुळीच चालणार नाही. दारावरचा रखवालदार, ज्याच्याशी एव्हाना त्यांची घट्ट मैत्री झाली होती, तो म्हणाला, "काका, रविवारी या, रविवारी सगळं चालतं." आतोबा रविवारीही गेले. एकदा मी सोबत होते. विक्रेता त्यांना लांबून पाहून फ्रीजच्या मागे लपला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आतोबांना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. प्रवाशांनी लपण्याची त्यांना सवय होती.

शेवटी त्या मजल्याच्या प्रमुख बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. लाल चिठ्ठी मशीन बनवणाऱ्या कंपनीची आहे, दुकानाची नाही, म्हणून कुपन लागू. आतोबा असे घरी आले की जणू बोर्डात पहिले आलेत. जेवताना त्यांनी आम्हाला एकेक नियम उलगडून सांगितला. दुसऱ्याच्या घरचं कुपन चालणार नाही, हा तर त्यांना फारच आवडला. "योग्य आहे. नाहीतर लोक कुपनांचा धंदा मांडतील."

"जेवा आता," आत्या म्हणाली.

कुपनाच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. आतोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मशीन निवडून झालं आणि आम्ही पैसे भरायच्या रांगेत लागलो. आमचा नंबर आला तसं आतोबांनी खिशातून कुपन काढून ऐटीत पुढे केलं. काउंटरवरच्या बाईंनी ते उचलून उजेडात धरलं. कोपऱ्यात छान गोल भोक होतं.

"हे वापरलेलं आहे," बाई म्हणाल्या. "आम्ही घेतलं की असंच भोक पाडतो."

आतोबांचा चेहरा खर्रकन उतरला. सकाळी निघताना त्यांनी सगळे नियम पुन्हा एकदा तपासले होते, सगळं बरोबर निघालं होतं, आणि मग हातानं आपलं काम केलं होतं. त्यांना आठवतही नव्हतं.

मी भांडायला तोंड उघडलं. आतोबांनी मला हातानं थांबवलं. "त्यांचं बरोबर आहे. भोक पडलेलं तिकीट घेऊन कुणी चढला असता, तर मीही उतरवलाच असता."

"चला हो," आत्या हळूच म्हणाली. "इतकी वर्षं पिळलेत, अजून पिळीन." तिनं पर्स उचलली. एका हातानं तिला ती धरवेना, म्हणून दोन्ही हातांनी. आतोबांनी ते पाहिलं. आणि मी आतोबांना पाहिलं. जागचे हलेचनात.

आमच्यामागे एक रंगारी होता, हातात ब्रश आणि दोन डबे. त्यानं खिशातून घडी घातलेलं कुपन काढून काउंटरवर ठेवलं. "हे घ्या काका. आमच्या घरी मशीन आहे."

बाईंनी हे सगळं समोर पाहिलं होतं. पण विचारायचं असतं म्हणून त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "हे कुपन तुमच्याच घरचं ना?"

हा नियम आतोबांना तोंडपाठ होता. मला वाटलं, आता हा माणूस "नाही" म्हणणार आणि आपण रिकाम्या हातानं घरी जाणार. रांग खोळंबली.

"हो," आतोबा म्हणाले.

बाईंनी कुपनाला भोक पाडलं आणि पावती फाडली. आतोबांनी आभारादाखल रंगाऱ्याचे दोन्ही डबे उचलून त्याच्या दुचाकीपर्यंत नेऊन दिले.

मशीन दोन दिवसांनी आलं. पहिलं धुणं लावून आत्या समोर खुर्ची टाकून बसली. आतोबा बाजूच्या स्टुलावर, पण त्यांचं लक्ष मशीनकडे नव्हतं. दोन दिवस धड जेवले नव्हते.

"मी खोटं बोललो तिथं," ते एकदम म्हणाले. "सगळ्यांच्या देखत."

"ऐकलं की मी," आत्या म्हणाली.

"तुला काही वाटलं नाही?"

आत्यानं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, "आपलं लग्न थोरल्यांनी ठरवलं. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, मलाही नाही. माझ्यासाठी तुम्ही स्वतःहून 'हो' म्हणालात ते परवा, त्या काउंटरवर."

मशीन थांबलं, तेव्हा आतोबा उठले आणि आत्याच्या आधी कपडे काढून वाळत घालू लागले.