घोंगड्यांवरची जमीन

लग्न होऊन चिंचवडगावात आले तेव्हा माझी खात्री होती की आपल्याइतकी नीटनेटकी बाई पंचक्रोशीत नाही. हे मत दुसऱ्या कुणाचं नव्हतं, पण मला एकटीचंही पुरत असे. आम्ही माडीवर भाड्याने राहायचो. खाली घरमालकीणबाई आणि त्यांचा धाकटा मुलगा. मूळ गावातली शेतकरी माणसं. मुलगा मात्र कंपनीत प्रेस मशीनवर लागलेला, आणि त्याला कायम रातपाळी.

आमच्या पायाखाली कडीपाट होता, म्हणजे आडव्या लाकडी कड्या आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या. आमची जमीन तेच त्यांचं छत. माझं शिवणाचं पायमशीन बरोबर त्या मुलाच्या बाजेवर यायचं. तो सकाळी येऊन आडवा व्हायचा आणि मी आळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायला बसायचे. पाय मारला की सगळं घर ढोलकीसारखं वाजे. मला तो आवाज फार उद्योगी वाटायचा.

एक दिवस मालकीणबाई वर आल्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. उंबऱ्यातच टेकल्या.

"पोरी, काल प्रेसवर त्याचा डोळा लागला. शेजारच्यानं हात मागं वढला म्हनून बोटं ऱ्हायली. आता तूच सांग, काय करायचं."

"मशीन विकून टाकते," मी म्हणाले आणि डोळ्यांत पाणी आणलं. थोडं खरं होतं, थोडं आणलेलं.

"रडू नगंस. इकायला कोन सांगतंय? तुज्या मालकाला इचार, काय जमतंय का."

आमचे हे कंपनीत ओतकामासाठी लाकडी साचे करायचे. घरी आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला मशीन चालवायला लावलं आणि स्वतः खाली जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिले. वर येऊन म्हणाले, "पायाचा दणका फळ्यांतून कड्यांत जातो आणि कड्यांतून भिंतीत. कंपनीत मोठ्या मशीनखाली नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर घालतात, तसं करू. या जमिनीवर मऊ थर, त्यावर दुसरी जमीन. वरचीचा एकही खिळा खाली जायला नको, आणि ती भिंतीला टेकायला नको."

"मग ती राहणार कशावर?"

"नुसती पडून राहील. तुझ्यासारखी दुपारची."

मऊ थराचा प्रश्न मावशींनी सोडवला. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची घोंगडी घरात गुंडाळून ठेवलेली होती, ती त्यांनी वर आणून टाकली. मी नको म्हणत होते. "आगं, मेंढ्याची लोकर हाय," त्या म्हणाल्या. "मावळातला पाऊस अडवलाय हिनं. तुजं मशीन कोन लागून गेलं?"

गुरुवारी कंपनीला सुट्टी असे. त्या दिवशी ह्यांनी भंगारवाल्याकडून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या तासल्या, घोंगड्यांच्या घड्या अंथरल्या, वर फळ्यांचे दोन थर उभे-आडवे घालून ते फक्त एकमेकांना स्क्रूने आवळले. चारी भिंतींपाशी बोटभर फट सोडली. चालताना कडब्याच्या गंजीवर पाय पडल्यासारखं वाटे.

ती फट मात्र माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. सुया पडतील, बटणं जातील, झुरळं संसार थाटतील. आणि पाहुणे काय म्हणतील, हिच्या घरात जमीन कमी पडली? शुक्रवारी हे कामावर गेल्यावर मी मातीत शेण कालवलं, फट गच्च भरली आणि कडेनं सुरेख सारवून घेतलं. शेण मावशींनीच गोठ्यातून आणून दिलं. वर म्हणाल्या, "हात ग्वाड हाय गं तुजा." मी इतकी फुलले की पांढऱ्या मातीची किनारही ओढली.

दुसऱ्या दिवशी सगळं खडखडीत वाळलं. मी मशीनला बसले. थोड्या वेळात लाल डोळ्यांचा मुलगा जिन्यात.

"वहिनी, रागावू नका. आधी आवाज वरनं यायचा. आता चारी भिंतीतनं येतोय."

संध्याकाळी ह्यांनी ती किनार पाहिली आणि तिथेच बसले. "हे कुणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "दोघींनी."

कंपन्या जवळ असल्यामुळे त्या वेळी खोली शोधणारे रोज दारात यायचे. आम्हाला जा म्हणायला मावशींना एक शब्द पुरला असता. मुलाच्या बोटांची काळजी त्यांना पोखरत होती, तरी त्यांनी तो शब्द काढला नाही, उलट माझ्या शेणातला अर्धा वाटा उचलला. माझ्या सख्ख्या सासूबाईंनी तेवढं केलं असतं की नाही, ते त्यांच्या फोटोला विचारत नाही मी.

रविवारी त्यांनी खुरपं आणलं, मी विळी घेतली, आणि भुईमूग काढावा तशी आम्ही दोघींनी ती किनार उकरून काढली. फट पुन्हा मोकळी झाली.

सोमवारी दुपारी मी शिवत असताना मावशी लगबगीनं जिना चढून आल्या. चेहरा घाबराघुबरा.

"सकाळधरनं मशीन का बंद? बरी न्हाईस का?"

माझा पाय चालूच होता. त्यांनी तो पाहिला. मग फळ्यांकडे पाहिलं. खाली वाकून तळहात जमिनीवर टेकला आणि तसाच ठेवला.

"झोपलाय का?" मी विचारलं.

"आल्यापास्नं," त्या म्हणाल्या. "कूससुदिक बदलली न्हाई." पदरानं डोळे पुसले, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थांबलीस कशापायी? शिव की."