पळसाच्या पानांचा पाठ

पोंभुर्ण्याजवळच्या शाळेत धनराज सर बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. दोन वाक्यं जोडून एक करायचा त्यांचा पाठ म्हणजे अख्ख्या केंद्रातल्या शाळांच्या कौतुकाचा विषय. दरवर्षी आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक जमले की नमुना पाठ सरांचाच, हे ठरलेलं.

मग खुशबू मॅडम आल्या. पोरं घरी पत्रावळी लावतात हे त्यांनी पाहिलं आणि पळसाची पानंच वर्गात आणली. एका पानावर ‘इट रेन्ड’, दुसऱ्यावर ‘वुई प्लेड’, आणि दोन्ही टाचणाऱ्या बांबूच्या काडीला ‘बट’ची चिठ्ठी. सहावी-सातवीची पोरं नुसती तुटून पडली! सर खडू घासत बसले, त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहीना. त्यात यंदाचा नमुना पाठ मुख्याध्यापकांनी मॅडमना दिला. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोरगी, आणि बावीस वर्षांवर पाणी?

पाठाच्या दिवशी प्रार्थनेआधीच त्यांनी कपाटातली काड्यांची जुडी उचलली आणि आपल्या पिशवीत कोंबली. पाठ संपला की परत ठेवू, अशी स्वतःची समजूतही घातली.

वीस शिक्षक मागे बसलेले. पानं वाटून झाली, मॅडमनी कपाट उघडलं, आणि काड्या नाहीत. त्यांनी सारं कपाट उपसलं. चेहरा पांढराफटक पडला. मागच्या बाकावर सरांना इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटायला हवी होती. वाटली मात्र नाही.

मुख्याध्यापक वळले. “धनराजभाऊ, आता तुम्हीच सांभाळा. तुमचा नेहमीचा पाठ घ्या.”

सर ऐटीत उठले. फळ्यापाशी गेले, खडू उचलला आणि सवयीनं म्हणाले, “दिव्यानी, चष्मा आण.”

सरांच्या पिशवीतून चष्मा काढून देणं हे सातवीतल्या दिव्यानीचं रोजचं काम. तिनं पिशवीत हात घातला आणि किंचाळलीच, “मॅडम! काड्या सरनं आणल्या! ह्या काय, इथी आहेत!”

सरांच्या हातातला खडू मोडला. मॅडम धावत आल्या. डोळ्यांत पाणी.

“सर, काड्या जपून आणल्या, तं मले सांगाचं तरी होतं! मी किती घाबरली होती!”

सारा वर्ग टाळ्या वाजवू लागला, पाहुणेही. इतक्या टाळ्या सरांना बावीस वर्षांत मिळाल्या नव्हत्या. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण टाळ्या ऐकून परत मिटलं.

पाठ झकास झाला. शेवटी पोरांनी दोन पानं सरांसमोर धरली. एकावर इंग्रजीत लिहिलं होतं, सरांनी काड्या आणल्या. दुसऱ्यावर, मॅडमचा पाठ झाला.

“जोडा ना सर,” मॅडम म्हणाल्या.

सरांनी ‘सो’ची चिठ्ठी असलेली काडी घेतली. पानं टाचली.

पानं वाळून करकरीत झाली, तरी मॅडमनी ती वर्गाच्या दारावर लावून ठेवली आहेत. सर आता मागच्या दारानं आत येतात.