शनिवारची कुसळं

दिव्यश्रीच्या ओढणीला पुन्हा कुसळं चिकटली होती. अंबुबाईंनी ती एकेक करून काढली आणि खिडकीच्या कठड्यावर मांडली. सात. ऑफिस चौथ्या मजल्यावर, खाली गुळगुळीत फरशी. मग गवत आलं कुठून? आणि तेही दर शनिवारीच?

पोरीला नोकरी लागून पाच महिने झाले होते. आईमागं तिला या आत्यानंच वाढवलं. मुलीनं कॉम्प्युटरच्या कंपनीत जावं, हे तिच्या वडिलांच्या, उमाजींच्या गळी उतरवलं तेही अंबुबाईंनीच. "काही वावगं झालं तर जबाबदार मी," असा त्यांनी भावाला शब्द दिला होता. उमाजी तो विसरणाऱ्यांतले नव्हते. तेहतीस वर्षं कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावून निवृत्त झालेला माणूस. सहा दिवस काम आणि रविवारी रजा, याहून वेगळा आठवडा असतो हे त्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पोरीचं बुधवारपर्यंत पिळलेल्या फडक्यासारखं तोंड व्हायचं. शुक्रवारी संध्याकाळी मात्र जिन्यातूनच गुणगुणणं ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असताना कोण गुणगुणतं?

मग एका शनिवारी कोपऱ्यावरच्या विश्वासरावांचा शुभंकर दिसला. तो त्याच कंपनीत होता, आणि सकाळी दहा वाजता अर्ध्या चड्डीत स्कूटर धूत होता.

"अरे, कामावर नाही गेलास?"

"कंपनी बंद, अज्जी. शनिवार-रविवार दोन्ही दिवस रजा आम्हाला. चैन आहे!"

"सरी, सरी, बरं बरं," म्हणत अंबुबाई पुढं सरकल्या. तासाभरापूर्वीच त्यांनी स्वतःच्या हातानं पोरीचा डबा भरून दिला होता.

पुढच्या शनिवारी देवळाचं निमित्त करून त्या तिच्या मागोमाग निघाल्या. दिव्यश्री बस थांब्यावर थांबलीच नाही. जयनगरहून सरळ चालत लालबागेच्या मोठ्या उद्यानात शिरली, चपला काढल्या आणि ओढणी तोंडावर घेऊन गवतात आडवी झाली. अंबुबाई एका झाडामागं उभ्या राहिल्या. एक चष्मेवाला आला, गेला. दुसरा तिच्याजवळच बुटाची नाडी बांधायला वाकला, तेव्हा त्यांनी श्वास रोखला. तोही गेला. साडेअकराला पोरीनं उठून डबा उघडला.

"आत्या, गुडघे दुखतील. ये, बस इथं."

"बघितलंस मला?"

"फाटकातच. तुला लपायला कुठं येतं?"

"कोण येणार आहे?"

"कुणी नाही."

"मला शिकवू नकोस. कुणी येणार नसताना कुणी एवढं खोटं बोलतं?"

"पाच दिवस ऑफिसात हाका. दिव्यश्री, हे झालं का, ते झालं का. रविवारी घरात पाहुणे आणि अप्पांच्या हाका. रजा आहे म्हणून सांगितलं असतं, तर शनिवारचाही रविवार झाला असता. हा एक दिवस दिसतो म्हणून सोमवारी उठते मी, आत्या. अप्पांना सांगणार आहेस?"

अंबुबाईंनी डब्यात वाकून पाहिलं. चमचा एकच होता. तरी त्या तिथंच बसून राहिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडं बघत. दोन वाजेपर्यंत कुणी आलं नाही. आपल्यालाही सकाळपासून कुणी हाक मारलेली नाही, हे उशिरानं त्यांच्या लक्षात आलं.

त्या एकट्याच घरी परतल्या. उमाजी दारातच होते.

"अक्का, देवळात एवढा वेळ? आणि त्या कंपनीत शनिवारी खरंच काम असतं ना? शब्द तुझा आहे."

"असतं. मी सांगते ना."

उमाजींची नजर खाली गेली. "मग तुझ्या लुगड्याला कुसळं कुठली?"

"देवळामागं गवत माजलंय," म्हणत अंबुबाई आत गेल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी पोरीच्या डब्यात दोन चपात्या जास्त घातल्या. त्या तशाच परत येतात, की आणखी कुणी खातं, ते बघायचं होतं.