तक्रारीत नसलेला चहा

सुभेदार काकांवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. ते फौजेतून निवृत्त झालेले, माझी आत्येबहीण, म्हणजे ताई, फौजेत, आणि तिनं तिच्याच तुकडीतल्या एका हवालदाराविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केलेली. फौजेतला माणूस आधी फौजेचा असतो, मग आपला, असं मी मानत होते. आमच्या महिला संघटनेच्या पत्रकात मी तसं छापलंही होतं.

आत्याचं घर घणसोली गावात, तीन मजली, वरच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. सगळ्यात वरती काका. मूळचे साताऱ्याकडचे, आता महाप्याच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर. ताई सुट्टीवर आली आणि हा माणूस रोज संध्याकाळी कामावरून येता येता आत्याच्या ओट्यावर टेकायला लागला. गप्पा नाहीत, नुसते प्रश्न. "कितवी तारीख होती, पोरी? स्टोअरची चावी कुणाकडं असायची? रजिस्टर कोण लिहायचं?"

"तुम्हाला कशाला पाहिजे काका?" मी एकदा तोंडावर विचारलं.

"मला नको. तिला लागंल."

ते जिना चढून गेले. वर फोन वाजला आणि खालपर्यंत आवाज आला, "जी साहब. बच्ची ठीक है. जी."

कोण साहब? आमच्या घरातली बच्ची ठीक आहे की नाही हे कुणाला कळवताय? मी आत्याला सांगितलं की त्यांना खोली खाली करायला सांग. आत्या म्हणाली, "तू पोलिसान भरती हो गो. पानी आलंय, आधी हंडा भर."

झालं होतं ते थोडक्यात सांगते. तो हवालदार तिच्या तुकडीचा उस्ताद, म्हणजे शिकवणारा. किट तपासायचंय म्हणून त्यानं तिला स्टोअरमध्ये बोलावलं, दार लावलं, अंगाला हात घातला. ती धक्का देऊन बाहेर पडली. "बाहेर बोललीस तर बढती विसर," हे त्याचं मागून आलेलं वाक्य. तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. मी म्हटलं, तक्रार मी लिहिते, तू फक्त सही कर.

फोनवर तिनं सगळं सांगितलं होतं. शेवटी म्हणाली, "दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची ड्यूटी माझी होती. मीच त्याला चहा नेऊन दिला, तेव्हा..."

"का दिलास?"

"ड्यूटी होती."

"ते राहू दे. ते लिहायचं नाही. तेच धरून बसतील."

आमचा नियमच होता, बाईवर उलटेल असं काही कागदावर ठेवायचं नाही. समोरचे लोक असल्याच एका गोष्टीची वाट बघत असतात, हे मी आजही खोटं म्हणणार नाही. तर चहा मी काढला, आणि त्या जागी 'पितृसत्ताक मानसिकता' आणि 'संस्थात्मक मौन' घातलं. दीड पान हिंदी, ठणठणीत. पाठवताना मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. ताईनं सही केली. समोर आलेल्या कागदावर सही करायची तिला सवयच होती.

चौकशी समितीपुढे काय झालं ते तिनं सुट्टीवर आल्यावर सांगितलं, सूप मांडीवर घेऊन जवळा निवडता निवडता.

"उस्तादनं मेसचा स्वयंपाकी साक्षीला आणला. दुसऱ्या सकाळी मी उस्तादला चहा दिला, हे त्यानं पाहिलं होतं. समितीच्या मॅडमनी विचारलं, हे तक्रारीत का नाही?"

"मग?"

"मग विचारलं, संस्थात्मक मौन म्हणजे काय. मी म्हटलं, माहीत नाही." तिनं जवळ्यातली काडी उचलून बाजूला टाकली. "मग उस्ताद म्हणाला, हिला बाहेरच्या लोकांनी भरीला घातलंय."

समितीनं तिला सुट्टीनंतर पुरवणी जबाब द्यायची मुभा दिली होती. तोही खोटा वाटला असता तर सगळं संपलं असतं. तक्रार बनावट म्हणून नोंद आणि नोकरीभर तो शिक्का. दरम्यान 'सोयीसाठी' हलवलं कुणाला, तर तिला. तो अजून त्याच मेसमध्ये जेवत होता. ह्याला म्हणे चौकशी.

पण माझं डोकं एकाच गोष्टीत अडकलं. बाहेरच्या लोकांचं त्यांना कुणी सांगितलं? मी उठले आणि तडक वर गेले. काका दारात बसून बुटाला पॉलिश करत होते.

"तुम्हाला फोन कुणाचा येतो?"

"तिच्या युनिटातल्या एका सुभेदाराचा," ब्रश न थांबवता ते म्हणाले. "माझ्या हाताखाली होता, आता त्यालाही साहब म्हणायचं. म्हणतो, पोरीला समजवा, मिटवून टाका."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणतो, पोरगी ठीक आहे. जास्त बोललो तर तिकडं पोचंल."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तिला पहिल्याच दिवशी सांगितलंय. तुला नाही सांगितलं. तू पत्रक काढलं असतंस."

खाली आले तर ताई हसत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"मग बाहेरच्या लोकांचं कोण बोललं?" मी विचारलं.

"बोलायला कशाला पाहिजे? वाचलं की कळतं. तुझं ते पान मलाच दोनदा वाचावं लागलं."

संध्याकाळी काका ओट्यावर आले तेव्हा तिनं त्यांनाही चहाचं सांगितलं. ते म्हणाले, "ड्यूटी होती, दिला. त्यात लपवायचं काय? ज्याचं तोंड बघवत नाही त्याला सलाम ठोकतच नोकरी होते. लिही."

तिनं तीन दुपारी बसून लिहिलं. फुलस्केप कागद, तिची फौजी हिंदी. मी मागून डोकावले की ती कागद पालथा घालायची. माझ्यापासून. चौथ्या दिवशी म्हणाली, "झेरॉक्स काढून आण. तीन."

गावाच्या तोंडाशी झेरॉक्सवाला आहे. तिथंही मी कागद त्याच्या हातात देईना. म्हटलं, मीच लावते.

"ताई, मशीनला वाचता येत नाय," तो म्हणाला.

मला येत होतं. तारीख, वार, वेळ. चावी कुणाकडे, रजिस्टरवर कुणाची सही, ती बाहेर पडली तेव्हा व्हरांड्यात कोण बूट धूत होतं. मग चहा. चहाची ड्यूटी माझी होती, मी उस्तादांना चहा दिला. चहा ट्रेमध्ये सांडला. ते हसून म्हणाले, शाबास, अशीच गप्प राहा. स्वयंपाकी तेव्हा बाजूला उभा होता.

फोनवर 'तेव्हा' म्हणून ती जे सांगणार होती, ते हे. मी ऐकलंच नव्हतं.

शेवटी लिहिलं होतं: पहिली तक्रार माझ्या मामेबहिणीनं लिहिली. चहाचं तिनं काढलं, कारण तिला माझी काळजी होती. सही माझी आहे, म्हणून चूकही माझी.

माझ्या पर्समध्ये पेन होतं. 'काळजी' हा शब्द मला खोडायचा होता. मला माझं पान बिनडागी हवं होतं, त्याला काळजी म्हणत नाहीत. पण पुन्हा तिच्या कागदाला हात लावायची माझी छाती झाली नाही. तीन प्रती काढल्या, मोजल्या, मशीनच्या काचेवर काही राहिलं नाही ना ते दोनदा बघितलं.

काकांवरचा संशय पूर्ण गेला असं नाही. फोन वाजला की मी अजून जिन्याकडे कान लावते. समितीवर तर मुळीच विश्वास नाही. निकाल आलेला नाही, आणि तो हवालदार अजून तिथंच आहे. पण ताईनं जबाब दिल्यावर समितीनं स्वयंपाक्याला पुन्हा बोलावलं. त्या दुपारी ताईचा फोन आला.

"त्याला विचारलं, चहा घेताना उस्ताद काय म्हणाले."

"आणि?"

"सांगितलं त्यानं."

"काय सांगितलं?"

"शाबास," ताई म्हणाली. "आणि पुढचंही."